तांबट की कुटुरगा? मुंबईतल्या दोन हिरव्या पक्ष्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की तेच प्रश्न परत सुरू होतात. कोणी ऑडिओ क्लिप पाठवतं, कोणी पाचव्या मजल्यावरून झूम करून काढलेला धूसर फोटो, आणि खाली एकच ओळ, "हा कोण?" दहातले बरेचसे फोटो या दोघांचेच निघतात, तांबट नाहीतर कुटुरगा. म्हणून सगळे प्रश्न एका जागी लिहून काढलेत. आधी सोपे आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सकाळपासून टुक टुक टुक असा आवाज येतोय, थांबतच नाही. कुठला पक्षी आहे?

नव्वद टक्के वेळा तांबट. तांब्याच्या भांड्यावर हलक्या हातोडीने एका लयीत ठोके घालत बसावं तसा आवाज, सेकंदाला साधारण दोन ठोके, कधी कधी मिनिटभर सलग, मग थोडा श्वास आणि परत चालू. काही भागांत याला पुकपुक्या म्हणतात. हा चिमणीपेक्षा जरा मोठा, १५ ते १७ सेंटिमीटरचा, गुटगुटीत आणि आखूड शेपटीचा असतो. २०११ मध्ये मतदान घेऊन मुंबईचा पक्षी म्हणून याचीच निवड झाली, आणि मला ती निवड अगदी योग्य वाटते कारण हा लालबागलाही आहे आणि बोरिवलीलाही. टुकटुक रात्री येत असेल तर मात्र प्रश्न १४ बघा.

२. तांबट आणि कुटुरगा एकच ना? की वेगळे?

वेगळे, पण जवळचे भाऊबंद. दोघंही एकाच कुळातले आणि आता एकाच प्रजातीगटातले, सायलोपोगॉन. जुन्या पुस्तकांत यांना मेगालायमा म्हटलेलं सापडेल, तेही त्या काळापुरतं बरोबरच, नंतर डीएनएच्या अभ्यासामुळे नाव बदललं. तांबट म्हणजे सायलोपोगॉन हिमासेफॅलस आणि या पानावर आपण ज्याला कुटुरगा म्हणतोय तो पांढऱ्या गालाचा, सायलोपोगॉन व्हिरिडिस. "पांढऱ्या गालाचा" असं मुद्दाम लिहिलंय कारण कुटुरगा म्हणून ओळखला जाणारा अजून एक पक्षी आपल्याकडे आहे, त्याचं प्रश्न ११ मध्ये.

दोघांतला मोठा फरक राहण्याच्या जागेत आहे. तांबट भारतभर आणि पुढे थेट फिलिपिन्सपर्यंत पसरलेला आहे. पांढऱ्या गालाचा कुटुरगा मात्र फक्त सह्याद्री आणि त्याला लागून असलेल्या डोंगरांत, उत्तरेला डांगपासून खाली केरळ-तमिळनाडूपर्यंत, जगात बाकी कुठेच नाही. लोकलचं तिकीट काढून जगात दुसरीकडे न मिळणारा पक्षी बघता येतो हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं!

३. समोर बसलाय, पण दोन्ही हिरवेच. ओळखायचं कसं?

पाठीचा रंग विसरा, चेहरा बघा.

तांबटाचा चेहरा भडक असतो. कपाळ लाल, डोळ्याच्या वर आणि खाली पिवळे डाग, मधून काळी पट्टी, गळा पिवळा आणि त्याच्या खाली छातीवर परत एक लाल पट्टा. पोट फिकट पिवळसर आणि त्यावर हिरव्या रेघा, पाय लालसर. उन्हात बसला असेल तर इतके रंग एवढ्याशा पक्ष्यावर कसे मावले असं वाटतं.

कुटुरग्याच्या चेहऱ्यावर लाल नाही, पिवळं नाही. डोकं तपकिरी आणि त्यात डोळ्याच्या वर एक पांढरी पट्टी, डोळ्याखाली गालावर दुसरी, जास्त रुंद. छाती-गळ्यावर पांढरट-तपकिरी रेघा आणि बाकी सगळं अंग पानाच्या हिरव्या रंगाचं. चोच जाड आणि फिकट गुलाबीसर. अंगाने तांबटापेक्षा चांगलाच मोठा दिसतो.

फोटोत चेहरा दिसत नसेल, नुसती हिरवी पाठ असेल, तर मी नाव सांगत नाही. अंदाजाने नाव टाकलेला फोटो पुढे दहा ग्रुपवर फिरतो आणि सगळे तेच शिकतात. लाल नसलेला पण तांबटाएवढा पक्षी दिसला तर प्रश्न १३ वाचा.

४. कुटुरग्याचा आवाज कसा असतो?

कुट्रू… कुट्रू… कुट्रू… असा मोठा, घुमणारा. सुरुवातीला बऱ्याचदा घशातून काढल्यासारखा एक ट्र्रर्र येतो आणि मग लय पकडतो. एकाने सुरू केलं की दरीच्या पलीकडून दुसरा, मग तिसरा, असं करत सगळं जंगल भरून जातं. माथेरानला सकाळी लाल मातीच्या रस्त्याने चालताना जो आवाज तासन्‌तास चालू असतो तो हाच.

तांबटाचं टुकटुक एका सुरात, कोरडं आणि धातूसारखं असतं. कुटुरग्याच्या प्रत्येक हाकेत दोन अक्षरं असतात आणि दुसरं लांबतं. एवढं कानात बसलं की या दोघांत गोंधळ होत नाही.

५. आवाज इथूनच येतोय पण पक्षी काही केल्या दिसत नाही, असं का?

हे सगळ्यांचंच होतं. तांबट बोलताना चोच उघडतच नाही, गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि बसते आणि सोबत डोकं हलतं. बोलता बोलता तो मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज एकदा डावीकडून आल्यासारखा वाटतो, एकदा उजवीकडून, आणि आपण भलत्याच झाडाकडे मान वर करून बघत बसतो. उपाय सोपा आहे, झाडाच्या आतल्या पानांत शोधू नका, सगळ्यात वरच्या उघड्या, शक्यतो वाळक्या फांदीच्या टोकावर बघा. तांबटाला तीच जागा आवडते. कुटुरगा उलटा, दाट पानांत बसतो आणि स्थिर बसतो, त्याच्यासाठी फळं लागलेलं झाड शोधून खाली शांत थांबणं बरं पडतं.

६. मुंबईत नेमके कुठे बघायला मिळतील?

तांबटासाठी कुठे जायलाच नको. शिवाजी पार्कची झाडं, भायखळ्याची राणीची बाग, माहीमचं नेचर पार्क, रेल्वे कॉलन्या, जुन्या सोसायट्यांमधला एखादा पिंपळ किंवा वड, सगळीकडे आहे.

कुटुरग्याला झाडांचा सलग पट्टा लागतो. म्हणून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ठाण्याच्या बाजूचं येऊर, आरे. तिथे नाही जमला तर पनवेलच्या पुढे कर्नाळा आणि वर माथेरान, या दोन ठिकाणी जास्त सहज मिळतो. परळ-दादरला "कुटुरगा दिसला" असं कोणी म्हटलं की मी आधी फोटो मागते, नसेलच असं नाही पण खात्री केलेली बरी.

७. खातात काय? खिडकीत फळं ठेवली तर येतील का?

मुख्य खाणं फळं, आणि त्यातही वड, पिंपळ, उंबर या मंडळींची. पिकलेल्या वडावर तांबट, कुटुरगे, बुलबुल, मैना सगळे एकत्र जमतात. तांबट दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या दीडपट ते जवळजवळ तिप्पट फळं खाऊ शकतो, इतकं लागतं कारण ही फळं पाणीदार असतात आणि पोटातून झटपट पुढे जातात. त्यातूनच बिया लांब जाऊन पडतात. दोघंही किडे खातात, विशेषतः पिल्लं असताना, आणि पावसाआधी पंख फुटलेली वाळवी बाहेर पडली की तीही. सावर फुलली की कुटुरगा तिच्यावर हमखास येतो.

खिडकीतल्या फळांचं म्हणाल तर जंगलाला चिकटून घर असेल तर कुटुरगा पपईवर येऊ शकतो. शहरात मधोमध खिडकीत ठेवलेल्या फळांवर कावळे आणि कबुतरंच जास्त येतात, आणि कबुतरं वाढवण्यात कुणाचंच भलं नाही. त्यापेक्षा कंपाउंडमधला उंबर राखा.

८. नर कुठला, मादी कुठली?

दोन्ही जातींत नर-मादी दिसायला सारखेच असतात. लांबून बघून सांगता येत नाही.

९. घरटं कसं असतं? सुतारपक्ष्यासारखं भोक पाडतात म्हणे?

हो. काड्यांचं घरटं नाही, दोघंही लाकडात चोचीने पोकरून ढोली करतात, नर आणि मादी आळीपाळीने. पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात त्यामुळे खोडाला घट्ट धरून काम करता येतं. पण चोच सुतारपक्ष्याइतकी कणखर नाही, म्हणून जिवंत टणक लाकूड यांना झेपत नाही. मऊ किंवा किडून वाळलेलं लाकूड लागतं, शेवगा, पांगारा, गुलमोहर अशा झाडांचं. तांबट बहुतेक वेळा आडव्या फांदीच्या खालच्या बाजूला भोक पाडतो, पाऊस आत जाऊ नये म्हणून ही जागा उत्तमच. खाली उभं राहून वर बघितलं तर नाण्याएवढं गोल, कडा एकदम स्वच्छ असलेलं भोक दिसेल, आणि जमिनीवर ताजा लाकडाचा चुरा पडलेला असेल तर काम चालू आहे समजा.

तांबटाचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. कुटुरग्याचा लांबलचक, डिसेंबरपासून जुलैपर्यंत कधीही. कुटुरग्याची अंडी १४-१५ दिवसांत उबतात आणि पिल्लं त्यानंतर ३६ ते ३८ दिवसांनी बाहेर पडतात, म्हणजे अंड्यापासून धरलं तर जवळजवळ पावणेदोन महिने ती ढोली भरलेली असते, त्याआधी खोदकामाचे दिवस वेगळे. आणि पिल्लं उडाली म्हणून ढोली वाया जात नाही, एरवी रात्री झोपायलाही हे पक्षी ढोलीच वापरतात, आणि सोडून दिलेल्या ढोल्यांत पुढे दयाळ आणि बाकीचे ढोलीत राहणारे पक्षी संसार थाटतात, ज्यांना स्वतःला खोदता येत नाही.

१०. सोसायटीने पावसाळ्याआधीची छाटणी ठरवलीय आणि त्याच झाडावर तांबटाची ढोली आहे. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि एप्रिल-मेमध्ये रोज येतो, त्यामुळे नीट लिहिते.

आधी अडचण समजून घ्या. छाटणीला माणूस आला की त्याला सगळ्यात आधी वाळकी फांदी काढायला सांगतात, आणि तांबटाला नेमकी तीच लागते. हिरवीगार झाडं ठेवून वाळकं तेवढं साफ केलं तर झाड राहतं पण तांबटाला घर करायला जागा राहत नाही. आमच्या भागातल्या एका सोसायटीत पिल्लं आत असताना फांदी खाली आली, त्यांना वाचवता आलं नाही, आणि ते बघितल्यापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की छाटणीचा ठराव होण्याआधी बोला, करवत लागल्यावर नाही.

काय करता येतं ते सांगते. ढोलीचा आणि आत-बाहेर करणाऱ्या पक्ष्याचा व्हिडिओ काढून ठेवा. सेक्रेटरींना लेखी द्या की अमुक झाडाच्या अमुक फांदीवर घरटं आहे. मुंबईत सोसायटीच्या आवारातलं झाडसुद्धा १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली येतं, मनाला येईल तसं तोडता येत नाही, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जासोबतच घरट्याची माहिती जोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणं गुन्हा आहे, हे भांडायच्या सुरात न सांगता शांतपणे दाखवलं तर बहुतेक कमिट्या ऐकतात. बाकी झाड छाटा, ती एक फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवा, एवढीच मागणी करा.

फांदी खरंच धोकादायक असेल, खाली मुलं खेळत असतील किंवा येण्याजाण्याची वाट असेल, तर माणसांचा जीव आधी. अशा वेळी ढोलीच्या पुढचा जड भाग कापून बुंध्याकडचा तुकडा ठेवता येतो का ते झाडाच्या जाणकाराला विचारा, वजन कमी झालं की धोका बराच उतरतो. दरम्यान खाली दोरी बांधून जागा बंद करा. आणि हंगाम संपल्यावर, जिथे कुणाच्या डोक्यावर पडणार नाही अशा कोपऱ्यातलं एखादं वाळकं खोड तसंच उभं राहू द्या.

११. नॅशनल पार्कात कुटुरगा बघितला पण गालावर पांढरं नव्हतं. मग?

मग तो तपकिरी डोक्याचा, सायलोपोगॉन झेलॅनिकस. उद्यानात दोन्ही मिळतात आणि नवीन माणसाची खरी परीक्षा इथे आहे, तांबट-कुटुरग्यात नाही. हा अजून मोठा, २७ सेंटिमीटरच्या आसपास. डोळ्याभोवती मोठा पिवळा-केशरी उघड्या कातडीचा भाग, तो चोचीपर्यंत गेलेला, आणि विणीच्या दिवसांत चोचही केशरी होते. गालावर पांढरी पट्टी नसते. दोघांच्या हाका एकमेकांच्या इतक्या जवळच्या आहेत की नुसत्या आवाजावरून खात्रीने सांगणं मला पटत नाही, चेहरा बघूनच नोंद करा.

१२. गोव्याला लालभडक चेहऱ्याचा तांबट दिसला. हा वेगळा रंग आहे का?

वेगळी जात आहे, मलबारी तांबट. तो गोव्याच्या आसपासपासून दक्षिणेला सह्याद्रीच्या ओल्या जंगलात असतो. गळा, चेहरा, छातीचा वरचा भाग सगळं किरमिजी, आपल्या तांबटासारखं पिवळं नाही. मुंबईत तो दिसल्याचं वाटलं तर फोटो नीट बघा, फळांच्या रसाने माखलेला किंवा संध्याकाळच्या लाल उजेडातला साधा तांबटही फसवतो. अजून एक, जावा बेटावरच्या तांबटांचे चेहरे लाल असतात पण ती आपल्याच तांबटाची पोटजात मानतात. इंटरनेटवर फोटो जुळवताना तो कुठे काढलाय ते आधी बघत जा.

१३. तांबटासारखाच आहे पण लाल रंग कुठेच नाही. आजारी आहे का?

नाही, लहान आहे. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना कपाळाचा आणि छातीचा लाल रंग नसतो, सगळंच मळकट हिरवट-पिवळं दिसतं. साधारण मे-जूनमध्ये असे फोटो जास्त येतात.

१४. रात्री अकरा वाजता टुकटुक ऐकलं. तांबट रात्री बोलतो?

नाही, तो अंधार पडला की ढोलीत. आरे, येऊर, पवईच्या बाजूला राहत असाल तर तो रातवा असू शकतो, त्याचं चक-चक-चक शेवटी वेग पकडत विरून जातं, तांबटासारखं एकाच लयीत चालत नाही. दिवसासुद्धा दोन जण फसवतात. खार एकसारखी चिप-चिप करत राहते आणि तिची शेपटी सोबत उडते. शिंपी पक्ष्याचा टुविट-टुविट आवाज त्याच्या आकाराच्या मानाने इतका मोठा असतो की लोकांना विश्वास बसत नाही.

१५. नोव्हेंबरपासून आवाज बंद झालाय. तांबट निघून गेला का?

गेला नाही, गप्प आहे. थंडीत तो फारसा बोलत नाही. उलट बघायला हेच दिवस उत्तम, सकाळी ऊन आलं की उंच झाडाच्या निष्पर्ण शेंड्यावर दोन-चार तांबट ऊन खात बसलेले असतात, मधेच उठून एकमेकांच्या शेजारी जाऊन बसतात. ऊन वाढत गेलं की जानेवारी-फेब्रुवारीत परत टुकटुक सुरू.

१६. टूकनचे नातेवाईक आहेत असं वाचलं. खरं?

खरं. सुतारपक्षी, टूकन आणि हे सगळे एकाच गणातले. टूकन हे अमेरिकेतल्या तांबटांसारख्या पक्ष्यांच्या शाखेतून आलेत, आपल्या आशियातल्यांचं कुळ वेगळं, मेगालायमिडी.

१७. नेस्ट बॉक्स लावला तर येतील?

सहसा नाही. यांना स्वतः खोदायचं असतं, तयार घर नको असतं. बॉक्स चिमणी-दयाळासाठी ठीक. यांच्यासाठी काय ठेवायचं ते प्रश्न १० च्या शेवटी आहे.

१८. पिल्लू खाली पडलंय. घरी आणू का?

आणू नका, आधी बघा. अंगावर पूर्ण पिसं असतील आणि डोळे उघडे असतील तर ते उडायला शिकतंय. मांजर आणि गाड्यांपासून उचलून त्याच झाडाच्या जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब जा, आईबाप तुम्ही तिथे असेपर्यंत खाली येणार नाहीत. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देतात ही समजूत चुकीची आहे.

पिसं नसतील, जखम असेल किंवा ढोलीची फांदीच तुटून पडली असेल तर हवेला भोकं असलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, खोकं अंधारात आणि शांत जागी. दूध, पोळी, बिस्किट, ड्रॉपरने पाणी, यातलं काहीही देऊ नका, पाणी श्वासनळीत गेलं की पिल्लू दगावतं. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर फोन करा, पत्ता आणि जवळची खूण नीट सांगा, आणि पिल्लू कुठल्या झाडाखाली सापडलं तेही सांगून ठेवा, कारण बरं झाल्यावर त्याला तिथेच सोडायचं असतं.